हत्ती कोणाकडं बघून हसतोय

आमच्या साहेबांबद्दल चांगलं बोलायचं म्हटलं तर आधी थोडा विचार करावा लागतो, आणि त्यांच्यासाठी तेवढे कष्ट घ्यायची माझी तयारी नाही. म्हणून जे आहे ते सांगतो. माणूस चिकट, तिरसट आणि नको त्या गोष्टींत हुशार. शेंद्र्याच्या कंपनीत मी त्यांच्या हाताखाली, तपासणी खात्यात, उमेदीची सगळी वर्षं घातली. तेवढ्या वर्षांत माल बरा असला तर ते म्हणायचे, "जाऊ द्या." बरा नसला तर, "रिजेक्ट." जेवणाच्या सुट्टीत कुणी डबा पुढं केला तरी भाजीकडं बघून हेच दोन शेरे. एका खंडेनवमीला मशीनपुढं फोडायला आणलेला नारळ त्यांनी कानाशी धरून हलवला आणि बदलून आणायला लावला. गुरुजी चडफडत बसले, मालक घड्याळ बघत बसले, आणि साहेब नारळाची वाट बघत शांतपणे भिंग पुसत बसले.

ते भिंग म्हणजे त्यांचा तिसरा डोळा. लग्नाची पत्रिका हातात दिली की मुलगी कुणाची, मुलगा कुठला, कार्यालय कुठं, काही नाही. आधी भिंग. मग, "लाल रंग सरकलाय. ही छापली कुठं?" पत्रिका द्यायला आलेला मुलीचा बाप बिचारा तोंड कसनुसं करून उभा. मी स्वतः त्यांना माझ्या भावाच्या लग्नाला तोंडी बोलावलं. म्हटलं, शब्दाला भिंग लावता येत नाही.

एक मात्र होतं. खोटी सही करायचे नाहीत. एकदा माल जायलाच पाहिजे असा वरून दट्ट्या आला. साहेब म्हणाले, "माल न्या की. सही नाही जायची त्याच्याबरोबर." झालं. आम्ही सगळे रात्रपाळीला बसून तोच माल पुन्हा तपासत होतो. लोकांना वाटतं अशा माणसाचा आम्हाला अभिमान वाटत असेल. डोंबलाचा अभिमान. झोपेनं डोळे मिटत होते नुसते.

तर असल्या माणसाला छंद कसला असावा? जुन्या कार्टून पिक्चरची पोस्टरं जमवायचा. नवी नव्हेत. बंद पडलेल्या टॉकीजच्या माळ्यावरून, रद्दीच्या गठ्ठ्यांतून, उंदरांच्या तोंडातून काढलेली. टोपी घातलेले उंदीर, भांडखोर बदकं, पतंगावर बसलेली मांजर, असला सगळा गोतावळा. आणि तो गोळा करणारा हा माणूस, ज्याच्या चेहऱ्यावर हसू आलेलं त्याच्या सख्ख्या बायकोनं पाहिलं नसेल. गारखेड्याच्या त्यांच्या घरात भिंतीवर मात्र एक पोस्टर नाही. उजेडानं रंग उडतो म्हणे. सगळी आतल्या खोलीत, सपाट कपाटात, पातळ कागद घालून निजवलेली. बघायची तर आधी साबणानं हात धुवायचे, मग ते साहेबांना दाखवायचे, मग लांब उभं राहायचं.

मी एकदा विचारलं, "साहेब, ह्यातले पिक्चर कोणकोणते बघितलेत?"

"एकही नाही."

"का हो?"

"त्यात काय बघायचं? हलतं ते. हलणाऱ्या चित्राची तपासणी कशी करणार?"



पोस्टर दुरुस्त करायचं म्हणजे आधी ते धुवायचं. होय, कागद धुवायचा. मोठ्या पत्र्याच्या परातीत पाणी घेऊन त्यात ते पोस्टर पसरायचं, पाणी पिवळं झालं की ओतायचं, परत भरायचं, परत ओतायचं. आता आमच्या गावात नळ म्हणजे पाहुणा. कधी येईल सांगता येत नाही आणि आला की फार थांबत नाही. पाणी सुटलं की बायका शेजारणीला फोन करून सांगतात. अशा गावात ज्या दिवशी पाणी यायचं त्या दिवशी साहेबांच्या घरी पहिला मान परातीचा. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "आमच्याकडं आधी बदकं आंघोळ करतात भाऊजी, उरलं तर आम्ही." हसून म्हणाल्या, पण त्यांच्या मागं भांड्यांचा ढीग मला दिसत होता.

धुतल्यावर खळ. मैद्याची खळ ते स्वतः शिजवायचे, फडक्यातून गाळायचे आणि तोवर वहिनींना स्वतःच्याच ओट्यापाशी उभं राहायची बंदी. मग त्या खळीनं पोस्टराच्या पाठीला कापड चिकटवायचं, म्हणजे कागदाला आधार मिळतो आणि फाटून गेलेला भाग त्यावर रंगवून भरता येतो. आणि खरी गंमत इथं आहे. नवं कापड चालत नाही. ते आटतं, कागदाला ओढतं, घड्या पडतात. पाहिजे जुनं, धुवून धुवून पार जीव गेलेलं धोतर. आता आजकाल धोतर नेसतं कोण? म्हातारी माणसं. आणि नेसलेलं धोतर जिवंत माणूस देत नाही.

मग काय, गावात कुणाचं म्हातारं गेलं की साहेब सांत्वनाला हजर. ओळख असो नसो. कोपऱ्यात मान खाली घालून बसायचे. घरच्यांना वाटायचं, भला माणूस आहे, किती हळहळतोय. थोड्या वेळानं हळूच विचारायचे, "धोतर नेसायचे का?" घरच्यांच्या डोळ्यांत पाणी. "हो, शेवटपर्यंत धोतरच." आणि मग हा माणूस म्हणायचा, "किती आहेत? मांजरपाट का मलमल?" कुणी हाकलून दिलं, कुणी गोंधळून देऊन टाकलं. लाज नावाची चीज त्यांच्यापाशी नव्हतीच.

माझे वडील गेले तेव्हा हे आमच्याकडंही आले. आम्ही मूळचे कन्नडकडचे. वडील नोकरीनिमित्त शहरात आले, औरंगपुऱ्यात घर केलं, पण धोतर सोडलं नाही. साहेब आले तेव्हा दहावं होऊन गेलं होतं आणि घरात दुसरीच काळजी बसली होती. आई बोलायची बंद झाली होती. रडणं नाही, चिडणं नाही. ताट पुढं ठेवलं की एक घास खायची आणि ताट सरकवायची. डॉक्टरनं सगळं तपासलं. म्हणाला, "आजार काही नाही. त्यांना आता काही नकोसं झालंय, तेवढं बघा." आता ते कसं बघायचं हे काही त्यानं सांगितलं नाही.

साहेब आईसमोर बसले. मान हलवून झाली. मग आलाच प्रश्न. "धोतर नेसायचे ना? मी कंपनीच्या स्नेहसंमेलनात बघितलं होतं. चांगलं झिजलेलं होतं."

माझं डोकंच फिरलं. आमची आत्या भिंतीला टेकून बसली होती, तिनं तर तोंडाला पदर लावला. मी उठलो, त्यांचा दंड धरणार, तेवढ्यात आई बोलली.

"कशाला पायजेत?"

कित्येक दिवसांत तिच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य. साहेबांनी सांगितलं. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. परात, खळ, कार्टूनचं पोस्टर, त्याच्या पाठीला धोतर. आई ऐकत होती.

"पिक्चरच्या पोस्टराला? ह्यांचं धोतर?"

आणि आई हसली. खुदखुदून हसली. कारण तिला माहीत होतं ते साहेबांना माहीत नव्हतं. आई तरुणपणी टॉकीजमध्ये नोकरीला होती. बायकांच्या दारावर, जनान्यात, तिकिटं फाडायला. वडलांना ती नोकरी कधी पटली नाही. बायको तिथं कामाला असून ते त्या टॉकीजची पायरी जन्मात चढले नाहीत.

"आख्खी हयात टॉकीजकडं बघितलं नाय ह्या माणसानं," आई डोळे पुसत म्हणाली. "आता चिकटा म्हणावं." आणि माझ्या बायकोला हाक मारून तिनं धोतरांचं बोचकं काढायला लावलं. आत्या महिनाभर आमच्याशी बोलली नाही.

आई टॉकीजवर होती हे ऐकल्याबरोबर साहेबांचे कान टवकारले. पुढच्या शुक्रवारी ते हातात गोल गुंडाळी घेऊन दारात. शुक्रवार का, तर कंपनीची सुट्टी शुक्रवारची असायची. निवृत्त होऊनही त्यांच्या अंगातून ती गेली नव्हती. आईला मात्र त्याचं नवल वाटलं नाही. तिच्या लेखी नवीन काही यायचं तर शुक्रवारीच.

गुंडाळी उलगडली. एक परदेशी कार्टून होतं, मुलांसाठी रविवारी सकाळच्या खेळाला लागायचं. हत्ती समुद्र बघायला निघतो, अशी काहीतरी गोष्ट. पोस्टरावर तो हत्ती, गळ्यात टाय, सोंड वर, खाली उजव्या कोपऱ्याकडं बघून पोट धरधरून हसतोय. आणि उजवा कोपराच नाही. उंदरांनी नेलेला.

"हत्ती कोणाकडं बघून हसतोय?" साहेबांनी विचारलं. खराब माल पाठवणाऱ्याला जसं विचारायचे तसंच.

आईनं क्षणभर बघितलं. "माकड होतं. सायकलीवर."

झालं! साहेबांनी पेन्सिलीनं सायकलवरचं माकड काढून पुढच्या शुक्रवारी आणलं. आईनं कागद लांब धरला. "असं नाय. सायकल बायकांची होती. मधी दांडी नव्हती." साहेबांनी मान डोलावली, सायकल बदलून आणली. तेव्हा आई म्हणाली, "आता आठवलं बघा. माकड दुसऱ्या पिक्चरातलं. ह्याच्यात जाडी कोंबडी होती, छत्रीवाली." कोंबडी आली, नापास झाली. मग एक म्हातारा शिंपी निघाला, हत्तीच्या विजारीचं माप घेणारा. शिंप्याला मिशा होत्या. पुढच्या खेपेला नव्हत्या.

आता मला लहानपणापासून ठाऊक होतं की आईनं एकही पिक्चर धड बघितलेला नाही. तिची जागा बाजूच्या दाराबाहेर, दारावरच्या पडद्याच्या मागं; पोस्टरं लागायची पुढच्या दारावर. ती म्हणायची, "मी पिक्चर ऐकलेत, बघितले नाय." म्हणजे बाई सरळ सरळ ठोकून देत होती! आणि एका नारळावर विश्वास न ठेवणारा हा माणूस ते सगळं खाली मान घालून चितारत होता. त्याच्या डोक्यात शंकेचा किडासुद्धा वळवळला नाही. त्यांचं ठरलेलं होतं: माणूस चुकतो, पण मुद्दाम खोटं कशाला सांगेल?

बरं, आईचं ते मायेनं ऐकून घ्यायचे म्हणावं तर तेही नाही. आई रंगात येऊन सांगायची, की कन्नडकडून यष्टीनं एक बाई आली होती लेकराला घेऊन, आणि पडद्यावर हत्ती आल्याबरोबर तिनं उठून हात जोडले, तर मागच्या सगळ्या बायकांनी जोडले. मला ऐकताना गलबलून आलं. साहेब म्हणाले, "म्हणजे हत्तीचं तोंड डावीकडं होतं का?" असा हा माणूस! आई गोष्ट सांगायला लागली की ते मधेच म्हणायचे, "ते राहू द्या. कोपऱ्याचं बोला." मला वाटायचं, ह्यांना खुर्चीसकट उचलून गल्लीत ठेवावं.

पण ठेवलं नाही. कारण गुरुवारपासूनच आई बदलायची. इस्त्रीचं लुगडं काढून ठेव म्हणायची. सुनेला सांगून शेंगदाण्याची चटणी करून घ्यायची, भाऊंना आवडते म्हणून. साहेबांना ती भाऊ म्हणायची. भाऊ ती खाताना 'मीठ कमी' म्हणायचे. शुक्रवारी दुपारी केस विंचरून दारासमोर बसायची आणि संध्याकाळी भाकरी पूर्ण खायची. मी माझी जीभ दातांखाली धरून ठेवली होती. त्या तिरसट माणसाच्या येण्यावर माझी आई जगत होती, हे मला दिसत होतं आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

मग एके दिवशी माझ्या फोनवर व्हॉट्सअॅपला फोटो आला. साहेबांचा. कुठल्यातरी परदेशी पोस्टरवाल्यानं त्यांना अख्ख्या पोस्टराचा फोटो पाठवला होता. खाली दोन ओळी: "मिळालं. पेटी होती. आईंना कळवा."

पेटी! हत्तीची प्रवासाची पेटी, उघडी पडून कपडे बाहेर आलेली. एवढ्यासाठी तो हत्ती हसत होता. मी आईला फोटो दाखवला. तिनं चष्मा लावून बघितला, फोन परत दिला.

"बरंय," म्हणाली.

शुक्रवारी तरीही ती केस विंचरून बसली. अंधार पडला तशी आपणच उठून आत गेली. पुढच्या शुक्रवारीही बसली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी बसली नाही. त्या दिवशी ताट सरकवताना म्हणाली, "भूक नाय रे." आणि परत ते सगळं सुरू झालं, भिंतीकडं तोंड, एक घास, ताट बाजूला. बायको म्हणाली, "जाऊन बोलवा त्यांना. काय बिघडतंय?" बिघडत काही नव्हतं, पण ज्या माणसानं जन्मभर मला रिजेक्टच्या शिक्क्याखाली ठेवलं त्याच्या दारात हात जोडून जायचं जिवावर आलं होतं. गेलो.

साहेब आतल्या खोलीत होते. टेबलावर एक पोस्टर पसरलेलं. सशांची वरात: ससे बँड वाजवताहेत, नवरदेव ससा कासवावर बसलाय. हे मला माहीत होतं. त्यांच्या सगळ्या खजिन्यातलं एकच पोस्टर, जे कधी घडी पडलं नव्हतं, भिंतीला लागलं नव्हतं, छापखान्यातून आलं तसं कोरं राहिलं होतं. त्याला धोतर लागलं नव्हतं, रंग लागला नव्हता. ते मोरपिसानं त्याच्यावरची धूळ झटकत होते. सख्ख्या नातवाला कुणी एवढं जपत नाही.

मी म्हटलं, "साहेब, आई वाट बघते."

"कशाची? काम झालं ना."

"नुसतं चहाला या."

"चहा मी घरी घेतो."

"अहो, तिला बरं वाटतं तुम्ही आलात की. जेवत नाहीये ती."

ते पीस तसंच हातात धरून उभे राहिले. मग अगदी खरोखर अडचण सांगावी तसं म्हणाले, "पण मी येऊन विचारू काय? पेटी आहे हे मला कळलंय. कळलेलं परत विचारायचं म्हणजे खोटं वागणं झालं. आणि दुसरं फाटकं पोस्टर सध्या माझ्याकडं नाही."

मग मात्र माझा तोल गेला. जन्मभराचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. "नाही ना? मग हे फाडा! फाडा की हे! कागदाला आंघोळ घालता, खळ पाजता, मेलेल्याच्या घरून त्याला कपडे आणता, आणि जितं माणूस उपाशी बसलंय ते दिसत नाय तुम्हाला? आग लावा त्या कपाटाला!" आणखीही काय काय बोललो. साहेब येऊन माझ्या आणि त्या पोस्टराच्या मधे उभे राहिले. मी खरंच हात लावीन असं त्यांना वाटलं असावं. फाटकापाशी वहिनी म्हणाल्या, "त्यांना नाय हो कळत असलं." मी म्हटलं, "तुम्हाला कळतं ना, मग तुम्ही का राहता?" म्हणायला नको होतं, पण म्हटलं आणि गाडीला किक मारली.

शुक्रवारी मी घरीच होतो. दुपार कलल्यावर बेल वाजली. साहेब. हातात गुंडाळी. माझ्याकडं न बघता सरळ आत गेले आणि आईच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले. आई भिंतीकडं तोंड करून पडली होती.

त्यांनी गुंडाळी उलगडली. सशांची वरात होती. उजव्या कोपऱ्यातला हातभर तुकडा गेलेला.

मी तपासणी खात्यातच हाडं झिजवली आहेत. जुन्या कागदाची फाट चहासारखी तपकिरी असते. ही पांढरीशुभ्र होती. आणि सरळही नव्हती. थोडी फाटून थांबलेली, पुन्हा थोडी फाटून थांबलेली. हात अडत अडत गेलेला दिसत होता.

गाढव माणूस! अहो, कोपऱ्यावर नुसता कागद घातला असता तरी भागलं असतं. म्हातारीला काय कळणार होतं? पण नाही. ह्यांना दोष खराच पाहिजे. आणि एवढं करून बोलायची वेळ आली तर कान लाल झाले, नजर जमिनीला.

"हा कोपरा गेलाय," ते म्हणाले. "इथं काय होतं ते..." खिशातलं भिंग काढलं, परत ठेवलं. "मला माहीत नाही."

ज्या कोपऱ्याकडं ते वर्षानुवर्षं भिंग लावून बसले होते तो कोपरा.

आई वळली. हळूहळू उठून बसली, चष्मा शोधून लावला. तिनं सशांकडं बघितलंच नाही. तिनं त्या पांढऱ्या फाटेवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग साहेबांकडं बघितलं, बराच वेळ. ते मान वर करेनात.

"मागल्या वेळी मी लई घाई केली, भाऊ," आई म्हणाली. "ह्या खेपेला नीट आठवून सांगते. वेळ लागंल बरं का."

"लागू द्या," साहेब म्हणाले.